पुदुपेट, शोलावरम आणि एक्झॉस्ट हेडर

इंजिनाच्या सिलिंडरमधून जळून बाहेर पडणारा वायू सर्वांत आधी ज्या नळ्यांत शिरतो, त्या नळ्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या साध्या मोटारीत या जागी बिडाचा ओतीव मॅनिफोल्ड असतो. तो स्वस्त, टिकाऊ आणि आटोपशीर असतो, पण सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच आखूड पोकळीत कोंबतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला पोलादाची स्वतंत्र नळी मिळते. या नळ्या जवळपास सारख्या लांबीच्या असतात आणि पुढे कलेक्टर नावाच्या एका जोडात मिळतात. मोटरसायकलवर एकच नळी असेल तर भारतातले मिस्त्री तिला ‘बेंड पाइप’ म्हणतात. मूळ भाग काढून त्याच्या जागी बसवायचा हा सुटा भाग जगभर शर्यतीच्या निमित्ताने घडत गेला. भारतात त्याचा इतिहास शोधायचा तर चेन्नईच्या एग्मोर भागाला लागून असलेला पुदुपेटचा मोटारबाजार, उत्तरेकडची शोलावरमची धावपट्टी आणि कासिमेडूच्या मच्छीमार बंदराचा धक्का या तीन ठिकाणी जावे लागते.

नळीची लांबी का महत्त्वाची

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो सुटताच नळीतून दाबाची लाट धावते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला साधारण 500 ते 600 मीटर असतो. नळीच्या उघड्या टोकाशी किंवा कलेक्टरपाशी पोहोचली की ही लाट उलटी होऊन परतते. जाताना ती दाबाची असते आणि येताना ओढीची. ही ओढ योग्य क्षणी व्हॉल्व्हपाशी पोहोचली तर सिलिंडरमध्ये उरलेला धूर बाहेर खेचला जातो आणि ताजे मिश्रण आत यायला मदत होते. चुकीच्या क्षणी पोहोचली तर ताकद घटते.

या क्षणाचा हिशेब नळीच्या लांबीत असतो. 90 सेंटीमीटरच्या नळीतून जाऊन परत यायला लाटेला सुमारे 3.3 मिलिसेकंद लागतात. मिनिटाला 6000 फेरे घेणाऱ्या इंजिनाचा क्रँक तेवढ्या वेळात जवळजवळ 120 अंश फिरतो. नळी लांब केली की फायदा कमी फेऱ्यांवर मिळतो, आखूड केली की जास्त फेऱ्यांवर. व्यासाचेही तसेच आहे. रुंद नळीत वायूचा वेग पडतो, अरुंद नळीत वायू गुदमरतो. सर्व फेऱ्यांवर सारखा लाभ देणारा हेडर बनवता येत नाही, म्हणून प्रत्येक हेडर विशिष्ट इंजिनासाठी आणि विशिष्ट वापरासाठी असतो.

नळ्यांची जोडणी सिलिंडर पेटण्याच्या क्रमावर ठरते. चार सिलिंडरच्या बहुतेक मोटारींत हा क्रम 1-3-4-2 असतो. त्यात 1 आणि 4 ची एक जोडी, 2 आणि 3 ची दुसरी जोडी केली, तर एका जोडीतल्या दोन धक्क्यांत पूर्ण एका फेऱ्याचे अंतर राहते आणि एकाची लाट दुसऱ्याच्या आड येत नाही. चार नळ्यांच्या दोन, दोहोंची एक अशी ही मांडणी मधल्या फेऱ्यांवर जोर देते. चारही नळ्या थेट एकात आणल्या तर जोर वरच्या फेऱ्यांकडे सरकतो. अमेरिकेत हॉट रॉडच्या वेडातून असे हेडर विकण्याचा धंदा उभा राहिला. बॉब हेडमन यांनी कॅलिफोर्नियात 1954 मध्ये सुरू केलेली कंपनी त्यातल्या जुन्या नावांपैकी आहे.

मद्रासमधली मोटार

मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, इंजिनाची ओळख लवकर झाली. घोडागाड्या बांधणाऱ्या सिम्पसन कंपनीची स्थापना 1840 ची. तिच्यातल्या सॅम्युएल जॉन ग्रीन यांनी 1903 मध्ये वाफेवर चालणारी मोटार बांधली. शहरातली पहिली मोटार पॅरी कंपनीच्या यॉर्क साहेबांची, 1901 ची मानली जाते. मद्रासमध्ये मोटार घेणारे पहिले भारतीय म्हणजे नंबेरुमाळ चेट्टी. ते इमारतींचे नामांकित कंत्राटदार होते आणि त्यांच्या फ्रेंच बनावटीच्या मोटारीचा क्रमांक एमसी-3 होता. सिम्पसन आणि अ‍ॅडिसन या कंपन्यांच्या माउंट रोडवरच्या दालनांमुळे तो रस्ता मोटारविक्रीचा झाला. एग्मोरला हेन्री अर्विन यांनी आराखडा केलेले रेल्वे स्थानक 1908 मध्ये सुरू झाले आणि दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतून येणारी माणसे व माल या भागात उतरू लागला.

दुसऱ्या महायुद्धाने मद्रासच्या कारागिरांना नवे धडे दिले. पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा टीव्हीएसने कोळशापासून वायू तयार करणारी यंत्रे बनवली आणि बस त्यांवर धावल्या. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेले ट्रक आणि जीप देशभर लिलावात निघाले. या गाड्या खोलणे, जुळवणे आणि पुन्हा रस्त्यावर आणणे हा अनेक शहरांत पोटापाण्याचा उद्योग झाला.

त्यानंतरच्या धोरणाने या उद्योगाला आणखी बळ दिले. केवळ सुटे भाग आणून गाड्या जुळवणाऱ्या परदेशी कंपन्यांना 1950 च्या दशकात देशातून जावे लागले. मुंबईत शिवडीला 1928 पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्सही त्यांत होती. उरल्या त्या देशात बनणाऱ्या मोजक्या गाड्या: अ‍ॅम्बॅसडर, फियाट आणि मद्रासचीच स्टँडर्ड हेरल्ड. परदेशी सुट्या भागांवर आयात परवान्याचा आणि जबर जकातीचा अडसर होता. मद्रासमध्ये मूळ भाग बनवणारे कारखाने उभे राहिले. इंडिया पिस्टन्स 1949 मध्ये निघाली आणि एन्फील्ड इंडियाचा तिरुवोट्टियूरचा कारखाना 1955 मध्ये. पण गाडीची ताकद वाढवणारे भाग कोणताही कारखाना बनवत नव्हता. ते हातानेच घडवावे लागत.

पुदुपेट

एग्मोर स्थानकाच्या दक्षिणेला, कूवम नदीच्या वळणाला धरून पुदुपेट आहे. नदीपलीकडे चिंताद्रिपेट, म्हणजे विणकरांसाठी 1734 मध्ये वसवलेली जुनी वस्ती. पुदुपेटच्या गल्ल्यांत मात्र मोटारी खोलल्या जातात. अपघातात सापडलेली, आयुष्य संपलेली किंवा लिलावात घेतलेली गाडी इथे येते आणि तिचे भाग वेगळे होतात. इंजिन एका दुकानात जाते, गिअरबॉक्स दुसऱ्या, दारे तिसऱ्या, आसने चौथ्या. बाकीचे पत्र्याचे धूड भंगारात वजनावर विकले जाते. पुण्यातल्या नाना पेठेत किंवा मुंबईतल्या कुर्ल्यात सुट्या भागांसाठी फिरलेल्या माणसाला हा बाजार लगेच ओळखीचा वाटतो. फरक इतकाच की इथे विकण्याइतकेच खोलण्याचे काम मोठे आहे आणि एकेक दुकान एकाच भागात मुरलेले आहे.

चोरीच्या गाड्यांचे भाग अशा बाजारात मुरतात, म्हणून पोलिसांची नजर इथे कायम राहिली. बाजार शहराबाहेर हलवण्याच्या योजनाही निघाल्या. तरीही पुदुपेटचे खरे मोल ज्ञानात आहे. कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणत्या दुसऱ्या गाडीला चालतो, किती घासल्यावर बसतो आणि कुठे फसतो, हे इथल्या माणसांना तोंडपाठ असते. छापील पुस्तिका मिळत नव्हत्या त्या काळात एका शहराचे यंत्रज्ञान अशा बाजारांनीच सांभाळले, आणि ते ज्ञान सांभाळणाऱ्यांना त्याचे श्रेय फारसे मिळालेले नाही.

हेडरसाठी लागणारी कौशल्येही अशाच बाजाराच्या आसपास वाढतात. नळी वाकवताना ती आतून चेपली तर वायूची वाट अडते, म्हणून जुनी रीत अशी की नळीत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही टोके बंद करायची, बाकाची जागा लाल होईपर्यंत तापवायची आणि मग सावकाश वळवायची. दुसरी रीत तयार बाकांचे तुकडे कापून जोडण्याची. इंजिनाला टेकणारी जाड पट्टी, म्हणजे फ्लँज, सपाट राहिली पाहिजे. वेल्डिंगच्या उष्णतेने ती वाकली तर गॅस्केट टिकत नाही आणि नळीत बाहेरची हवा शिरते. म्हणून फ्लँज इंजिनाला किंवा जाड लोखंडाला घट्ट बोल्ट लावूनच वेल्डर काम करतो. या कामात लांबी मोजणे सोपे असते. अवघड असते ते चार नळ्या सारख्या लांबीच्या ठेवून स्टिअरिंगचा दांडा, चॅसी आणि स्टार्टर यांच्यातून वाट काढणे.

शोलावरम

मद्रासच्या उत्तरेला सुमारे 30 किलोमीटरवर शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातली धावपट्टी होती. 1953 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे शर्यती भरवल्या आणि पुढची तीन दशके शोलावरम हे भारतीय मोटारशर्यतीचे मुख्य ठिकाण राहिले. कलकत्त्याजवळची बराकपूरची धावपट्टीही त्या काळात गाजली, पण शोलावरमची बरोबरी तिला साधली नाही. संस्थानिकांच्या परदेशी गाड्या, मोटरसायकली आणि घरच्या गॅरेजात बदललेल्या फियाट व हेरल्ड असे सगळे तिथे एकाच दिवशी पाहायला मिळे.

धावपट्टी सरळ, लांब आणि सपाट असल्यामुळे वरच्या फेऱ्यांवरच्या ताकदीला तिथे किंमत होती. साध्या फियाट किंवा हेरल्डचे इंजिन जलद करण्याचे मार्ग मोजके होते: हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणे, कॅमचा आकार बदलणे, जोड कार्ब्युरेटर बसवणे आणि बिडाचा मॅनिफोल्ड काढून हेडर लावणे. यांपैकी पहिल्या तिन्हींना अचूक यंत्रकाम किंवा दुर्मीळ भाग लागत. हेडरला लागे नळी, वेल्डिंगचा संच आणि जाणता हात. आयात जवळपास बंद असलेल्या देशात ताकद वाढवण्याचा हा सर्वांत आवाक्यातला उपाय होता.

1980 च्या दशकात चित्र बदलले. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली. तिचे तीन सिलिंडरचे 796 सीसीचे इंजिन हेडरच्या दृष्टीने फार सोयीचे होते. तीन सिलिंडर 240 अंशांच्या समान अंतराने पेटतात, त्यामुळे तीन नळ्यांची एक अशी साधी मांडणी कोणत्याही जोड्या न लावता चांगली लागते. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी याच इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही एकआसनी शर्यतीची गाडी उभी केली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला नारायण कार्तिकेयन याच गाड्यांतून शिकला. क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतःचा सुमारे 3.7 किलोमीटरचा मार्ग बांधला आणि 1990 मध्ये शर्यती तिकडे गेल्या. तिथल्या वळणांत कमी फेऱ्यांवरून उसळी घेणे गरजेचे होते, म्हणून हेडरच्या लांबीचा हिशेबही नव्याने मांडावा लागला.

मोटरसायकलींची वेगळी वाट

दोन-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्टला व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच्या भिंतीतले भोक उघडे असताना ताजे मिश्रणही धुराबरोबर निसटते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात यावर उपाय परिपक्व केला. फुगत जाणारी आणि मग निमुळती होणारी नळी आधी ओढीची लाट परत पाठवते आणि नंतर दाबाची. दुसरी लाट निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. 1961 मध्ये त्यांच्या 125 सीसी इंजिनाने लिटरमागे 200 अश्वशक्तीची पातळी गाठली. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला मिळाला आणि हे ज्ञान जपानला पोहोचले.

भारतात ते राजदूत 350, यामाहा आरएक्स 100 आणि सुझुकीच्या गाड्यांबरोबर 1980 च्या दशकात आले. पत्र्याचे शंकू कापून, गोल वळवून, एकामागे एक जोडून एक्सपान्शन चेंबर बनवणे हे मद्रास, बंगळूर, पुणे आणि कोल्हापूरच्या गॅरेजांत जमू लागले. बुलेटसाठी चार-स्ट्रोकचा वेगळाच बाजार फुलला. गोल्डस्टार, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, मेगाफोन, डॉल्फिन अशी त्यांतल्या सायलेन्सरांची नावे महाराष्ट्रातल्या बुलेटवाल्यांनाही पाठ आहेत. यांत ताकदीपेक्षा आवाजाला महत्त्व आले आणि शर्यतीच्या कलेपासून हा बाजार दूर गेला.

पाण्यावरचा हेडर

हेडरची सर्वांत कठीण परीक्षा समुद्रावर होते. खुल्या समुद्रातल्या मोटारबोटींच्या आधुनिक शर्यतींची सुरुवात 1956 च्या मायामी ते नासाऊ या सुमारे 300 किलोमीटरच्या शर्यतीने झाली. इंग्लंडमध्ये सर मॅक्स एटकेन यांनी 1961 मध्ये काउज ते टॉर्की ही शर्यत सुरू केली. 1960 मध्ये रे हंट यांच्या खोल व्ही-आकाराच्या तळाच्या ‘मॉपी’ने मायामी-नासाऊ जिंकल्यावर बोटी लाटांतूनही भरधाव जाऊ लागल्या आणि त्यांना मोठ्या इंजिनांची भूक लागली. ती भागवली अमेरिकन मोटारींच्या व्ही-8 इंजिनांनी, पुढे 7 लिटरपेक्षाही मोठ्या. बोटींची इंजिने बनवणाऱ्या मर्क्युरी कंपनीचे संस्थापक कार्ल कीकहेफर यांनी 1970 च्या सुमाराला ती कंपनी सोडून खास शर्यतीची सागरी इंजिने बनवायला घेतली. इंजिनाबरोबर त्याच्या हेडरचाही स्वतंत्र धंदा वाढला.

मोटारीचा हेडर तसाच बोटीत बसवता येत नाही. पूर्ण वेगात धुराचे तापमान 800 अंशांच्या वर जाते. मोटारीत नळ्यांवरून वारा वाहतो, पण बोटीत इंजिन बंद कप्प्यात असते आणि खाली पेट्रोलची वाफ साचू शकते. म्हणून सागरी हेडरची नळी दुहेरी असते. आतल्या नळीतून धूर जातो आणि आतल्या-बाहेरच्या नळ्यांमधल्या पोकळीतून समुद्राचे पाणी फिरते. या थंडाव्याने वायूतला ध्वनिवेग कमी होतो, लाट हळू धावते आणि त्याच फेऱ्यांसाठी नळी मोटारीच्या हिशेबापेक्षा आखूड ठेवावी लागते.

दुसरा धोका पाण्याचाच. पोकळीतले पाणी शेवटी धुरात सोडून बाहेर टाकतात. शर्यतीच्या कॅममुळे इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात. बोट संथ चालत असताना नळीतली ओढ हे पाणी उलटे सिलिंडरपर्यंत खेचू शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताच कनेक्टिंग रॉड वाकतो. यावर उपाय म्हणून पाणी आणि धूर यांची भेट शक्य तितकी शेवटी, नळीच्या टोकाकडे होऊ देतात. धातूचीही निवड बदलते. साध्या पोलादाला मीठ खाते, म्हणून मॉलिब्डेनम असलेले 316एल स्टेनलेस वापरतात. त्यात कार्बन कमी असल्यामुळे वेल्डिंगच्या जागा गंजाला लवकर बळी पडत नाहीत. तरीही शर्यत संपल्यावर पोकळी गोड्या पाण्याने धुतली नाही तर हेडर फार काळ टिकत नाही.

भारतीय किनाऱ्यावर अशा शर्यतींची परंपरा रुजली नाही. मार्च 2017 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-1 मालिकेच्या बोटी धावल्या आणि नोव्हेंबर 2018 मध्ये कृष्णेवर अमरावतीला एफ-1 बोटी. पण या दोन्ही प्रकारांत बोटीच्या मागे टांगलेली आउटबोर्ड इंजिने असतात, त्यांचा धूर इंजिनाच्याच पायातून पाण्यात जातो आणि वेगळ्या हेडरला जागाच उरत नाही. या तंत्राचे भारतीय नातेवाईक सापडतात ते मच्छीमारांच्या धक्क्यावर. कासिमेडूच्या ट्रॉलरांवर ट्रकच्या जातीची डिझेल इंजिने बसतात. त्यांच्या एक्झॉस्टलाही बंद जागेत थंड ठेवावे लागते, कधी पाण्याच्या पोकळीने, कधी उष्णतारोधक दोरी गुंडाळून. वेगाचा प्रश्न इथे नसतो, पण मीठ, उष्णता आणि उलटे येणारे पाणी या अडचणी त्याच असतात.

कायदा आणि उत्प्रेरक

1 एप्रिल 1995 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सक्तीचा झाला. त्यासाठी या शहरांत शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिशाने उत्प्रेरक निकामी होतो. उत्प्रेरकाला काम सुरू करायला काहीशे अंश उष्णता लागते. हेडरच्या लांब, पातळ नळ्या ती उष्णता वाटेतच गमावतात. म्हणून कारखान्यांनी उत्प्रेरक इंजिनाला चिकटवला, आणि काही इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतला. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 मानके लागू झाल्यावर रस्त्यावरच्या गाडीचा एक्झॉस्ट बदलणे म्हणजे तिची प्रदूषणनियंत्रण यंत्रणाच मोडणे झाले.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवाच. आवाज आणि धुराची मानके मोडल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्रात पोलिसांनी जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याची दृश्ये आता नित्याची आहेत. रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या कानांचा आणि फुप्फुसांचा विचार केला तर ही कारवाई योग्यच आहे. हेडरची कला शर्यतीच्या मार्गावर जन्मली आणि तिची जागा तिथेच आहे.

शर्यतींतही तिला मिळणारा वाव आता आकसला आहे. 31 ऑगस्ट आणि 1 सप्टेंबर 2024 ला चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवती, पुदुपेटपासून फार दूर नसलेल्या 3.5 किलोमीटरच्या मार्गावर, दिव्यांच्या उजेडात फॉर्म्युला 4 च्या गाड्या धावल्या. सर्व गाड्या एकाच बनावटीच्या होत्या आणि त्यांची टर्बो इंजिने मोहोरबंद. संघाला एक्झॉस्टला हात लावायची मुभा नसते. हेडर बनवण्याचे काम उरले आहे ते बदललेल्या गाड्यांच्या वर्गांत, ड्रॅग शर्यतींत आणि जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांकडे. तिथे आता संगणकावर लाटांचा हिशेब होतो, यंत्राने वाकवलेल्या नळ्या मिळतात आणि वाळू भरण्याची गरज क्वचितच पडते.

पुदुपेटसमोरही बदल उभा आहे. 2021 च्या नियमांनी वाहने मोडीत काढण्यासाठी नोंदणीकृत केंद्रांची व्यवस्था आणली आणि गाडी कायद्याने मोडण्याचे काम हळूहळू त्यांच्याकडे जाणार आहे. अशा केंद्रात गाडी सुरक्षितपणे मोडते, तेल आणि बॅटरीचे विष नदीत जात नाही. ही सुधारणा आवश्यक आहे. मात्र कोणता भाग कशाला जुळतो हे सांगणारे पुदुपेटचे ज्ञान कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नाही. ते जाणणाऱ्या कारागिरांना या नव्या व्यवस्थेत स्थान दिले आणि त्यांच्याकडची माहिती नोंदवून घेतली, तर मद्रासच्या मोटारविद्येचा हा भाग पुढच्या पिढीला उपयोगी पडेल.